कालवांची रेघ

"चार बोटं!" मी हात उंच करून सगळ्या ग्रामसभेला माझी चार बोटं दाखवली. "तीन वर्षांत खाडीचं पाणी एवढं वर चढलंय. मी म्हणत नाही, तुमचीच मुलं म्हणताहेत. उघाडीच्या खांबावर जाऊन बघा!"

देवळाच्या मंडपात सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पंधरा ऑगस्टचा दिवस होता. झेंडावंदन होऊन तासभर झाला होता, मुलांच्या हातातली चॉकलेटं संपली होती आणि दोन दिवस कोसळून पाऊस जरा थांबला होता. खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटत होतं. एवढी बायामाणसं आपलं ऐकताहेत म्हटल्यावर मी आणखीच चढले. उत्तर ध्रुवावरचं बर्फ काय, कारखान्यांचा धूर काय, सगळं सांगून टाकलं.

खरं तर मी मंगळवेढ्याची. ज्वारीच्या काळ्या रानात वाढलेली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी, या खारनावलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा. गाव खाडीला लागून. भाताची सगळी शेतं उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली, आणि खाडी नि शेतं यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध. बांधाला एके ठिकाणी दगडी खांबांमध्ये बसवलेलं दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं, भरती आली की दार आपसूक मिटतं. तो बांध आहे म्हणून भात आहे. बांध गेला तर खारं पाणी शेतात, आणि मग तीन-चार वर्षं गवतसुद्धा धड उगवत नाही.

हे मला माझ्या विद्यार्थ्यांनीच शिकवलं. पहिल्या वर्षी मी भरतीची वेळ बघायला सरकारी कोष्टक मागवलं होतं. सातवीतली एक काटकुळी मुलगी म्हणाली, "बाई, त्याला पुस्तक कशाला? आज पंचमी ना? पाचाची पाऊणपट करा. पावणेचारला भरती." मी कोष्टक उघडलं. तीन पंचेचाळीसला पाच मिनिटं कमी. ती मुलगी म्हणजे हर्षला मोकल. त्या दिवशीच मी ठरवलं, या मुलांना हवामानबदल फळ्यावर नाही, खाडीवर शिकवायचा. दर पुनवेला आणि अमावास्येला वर्गातल्या मुलांनी उघाडीवर जायचं, भरतीचं पाणी जिथवर चढेल तिथं खांबावर ऑइलपेंटची रेघ मारायची, खाली तारीख घालायची. पहिल्या वर्षी लाल रंग, दुसऱ्या वर्षी निळा, तिसऱ्या वर्षी पांढरा. आषाढातल्या लाल रेघेच्या वर यंदाची पांढरी रेघ चार बोटं आली आणि मी हरखून गेले. काय पुरावा होता! जगातले शास्त्रज्ञ काय म्हणतील, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

तर ग्रामसभा. बांध कमिटीचे काशिनाथकाका भोईर पुढं बसले होते. सत्तरीचे, अंगानं वाळकुंडे, पण बांधावर पहिली टोपली त्यांचीच पडायची.

"बाई, म्हंजे दर्याच वर येतोय?"

"हो काका."

"आनि थांबनार नाय?"

"इतक्यात तर नाही. उलट वाढत जाईल."

"मंग आमी त्याला काय करायचा?"

आता या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. पुस्तकात धड्याच्या शेवटी जे होतं ते घडाघडा म्हटलं. झाडं लावा, विजेची बचत करा, प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. त्याची नजर मला आजही आठवते आणि आजही मान खाली जाते.

मग ते उठून गावाकडं तोंड करून उभे राहिले. "कोलंबीवाला शेट उन्हाल्यापासून मागं लागलाय. सगली खारजमीन दहा वर्सांच्या करारानं द्या म्हनतोय. बांध फोडून पानी घेनार, तली करनार. इतके दिस मीच आडवा पडलो होतो. पर नारली पुनवेला अजून तीन दिस हायत आनि पानी आताच बांधाच्या काठाजवल आलंय. बाई शिकलेल्या हायत. त्या सांगतायत दर्याच वाढलाय. दर्याशी कोन भांडनार? देऊन टाका. गनपतीच्या आधी सह्या करू."

कुणीही विरोध केला नाही. दोन-चार बायांनी पदर डोळ्याला लावला, बास. मी व्यासपीठावर माझ्या चार बोटांसकट उभी. मला वाटलं होतं लोक जागे होतील. लोकांनी तर हातच टेकले. तेवढ्यात माझं लक्ष हर्षलाकडं गेलं. आता ती नववीत होती, आणि तीन वर्षं बहुतेक रेघा तिनंच मारलेल्या. बाकीची मुलं आपल्या रेघांचं नाव निघालं म्हणून खुशीत होती, ती मात्र ओठ आवळून जमिनीकडं बघत होती. मोकलांची दोन एकर खारजमीन होती. बाप गवंडी, पण पावसाळ्यात गवंडीकाम बंद, म्हणजे वर्षाचा तांदूळ त्या दोन एकरांतच.

नारळी पौर्णिमा झाली. भरतीचं पाणी उघाडीजवळ बांधाच्या काठापासून दोन बोटांवर येऊन थांबलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हर्षला प्रयोगशाळेत आली. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक टेबल.

"बाई, एक बोलू? रागवणार नाय ना?"

"रागवण्यासारखं असेल तर रागवेन. बोल."

"पाणी वर नाय आलं."

"म्हणजे?"

"माझी आई कातळाला चिकटलेली कालवं, ती धारवाली शिंपलं, काढायला जाते ना, उघाडीच्या बाजूला. कालवं उधाणाचं पाणी जिथवर पोचतं तिथवरच धरतात, वर नाय. त्याची रेघच दिसते कातळावर. काल भरतीला मी खांबावर नाय थांबले, कातळावर गेले. पाणी त्या रेघेलाच लागलं होतं. आई म्हणते ती रेघ ती लगीन होऊन आली तवापासून तिथंच हाय." "पाणी वर आलं असतं तर कालवं पण वर चढली असती ना बाई?"

मी तडकलेच. आमच्या घराण्यात राग नाकाच्या शेंड्यावर असतो. "म्हणजे तीन वर्षांच्या रेघा खोट्या? मारल्या कुणी त्या?"

"मीच."

"मग?"

"मी मारल्या म्हणून तर सांगते. रेघा खऱ्या हायत. खांबच खाली गेला असेल तर?"

"जा वर्गात," मी म्हटलं. ती गेली. डोळे भरले होते तिचे.

ती गेल्यावर मी धडा उघडला. समुद्राची पातळी वर्षाला दोन ते तीन मिलिमीटर वाढते, असं त्यात छापलेलं होतं. मी स्वतः ते मुलांकडून तीन वेळा वाचून घेतलं होतं. तीन वर्षांचे झाले नऊ मिलिमीटर. म्हणजे अर्धं बोट. आणि माझी चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर! हे मला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. मीच मनाशी म्हटलं होतं, पुस्तक जुनं असेल. मी कपाळावर हात मारून घेतला. विज्ञानाची बाई म्हणे!

शाळा सुटल्यावर मी मोकलांच्या घरी गेले. हर्षला दारात बघून घाबरली. तिला वाटलं, मी तक्रार घेऊन आले.

"तुझे बाबा आहेत का घरात?" मी विचारलं. "आणि घाबरू नकोस. मगाशी चूक माझी होती."

हिराजी मोकल बाहेर आले. बुटके, रुंद, बोलायला कमी. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बघता येईल. उघाडीचं दगडकाम मीच केलंय, पाच वर्सां झाली. तवा खांबाच्या माथ्याची लेवल नलीनं कातलावर नेऊन टाकीनं दगडात रेघ खोदलेली. गवंड्याची सवय. काम बसला तर कलायला नको?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही चौघं बांधावर गेलो. हिराजी, त्यांची बायको, हर्षला आणि मी. नळी म्हणजे पाणी भरलेली साधी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, गवंडी त्यावरच घरं बांधतात. हा नियम मी दर वर्षी फळ्यावर शिकवायची आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तो खाडीवर न्यावा. हर्षलानं एक टोक खांबाच्या माथ्याला धरलं. दुसरं टोक घेऊन हिराजी तीस पावलांवरच्या कातळावर चढले. शेवाळ हातानं पुसलं. खाली टाकीची आडवी खूण निघाली.

"बाई, या. तुमीच बगा."

मी चपला काढून चढले. कालवांनी तळवा कापला, तरी चढले. नळीतलं पाणी हललं, डुचमळलं, स्थिर झालं. खुणेच्या खाली. हिराजींनी मधल्या जागेत आपली बोटं लावली. एक, दोन, तीन, चार.

"खांब बसलाय," ते म्हणाले. "खाली चिखलच हाय सगला. आनि खांबाबरोबर दोनी बाजूंचा बांध पन बसलाय."

हर्षलाची आई हसून म्हणाली, "मी बोलत होते ना, कालवं खोटं नाय बोलत."

परत येताना मी त्या मायलेकींच्या मागून चालत होते. मनात नुसता गोंधळ. चूक कळली होती, पण ती सांगायची कशी? सगळ्या गावासमोर तोऱ्यात बोटं नाचवून झालेली. मुख्याध्यापक वर्तक सरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"हत्तुरे बाई, आता तो विषय कशाला? आधीच लोक मुलींना नववीनंतर पाठवत नाहीत. त्यात विज्ञानाच्या बाईच चुकल्या म्हटल्यावर आपलं कोण ऐकणार? भोईरांना हळूच कानात सांगा की बांध जरा बघून घ्या."

"सर, कानात सांगून सह्या थांबतील का?"

"तुमचं नाव जाईल हो. शाळेचंही."

त्यांचं म्हणणं मला पटत होतं, हे आता कबूल करते. चोवीस तास पटत होतं. मी मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती. 'काही तांत्रिक कारणांमुळे' वगैरे. दुसऱ्या दिवशी हर्षला पुन्हा आली. हातात फडक्यात गुंडाळलेला रंगाचा ब्रश.

"बाई, मी एक ठरवलंय. तुमी नका सांगू. मी सांगते देवळात, की रेघ माझ्याकडून चुकली. माझा हात चुकला म्हणते. पोरीचं काय, चार दिवस हसतील आनि विसरतील. पर सह्या नाय व्हायला पायजेत."

पंधरा वर्षांची मुलगी, तिची एकही रेघ चुकलेली नाही, आणि ती माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली होती. लाज वाटली. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. मी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"हा आता मी धरते," मी म्हटलं. "तू फक्त बरोबर ये."

त्या संध्याकाळी बांध कमिटी देवळात जमली होती. कराराचे कागद आलेलेच होते. मी उभी राहिले.

"मी चुकले," मी म्हटलं. "रेघा बरोबर आहेत, त्यांचा अर्थ मी चुकीचा लावला. पाणी चार बोटं चढलेलं नाही. चूक या हर्षलानं काढली. तिच्या आईच्या कालवांनी काढली आणि हिराजींच्या नळीनं पक्की केली."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, "बाईंचा दर्या आटला!" मी तशीच उभी राहिले.

काशिनाथकाका मात्र हसले नाहीत. "म्हंजे दर्या वाढत नाय?"

इथं खोटं बोलणं फार सोपं होतं. "वाढतोय काका. ते खरंच आहे. पण वर्षाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका. तुमच्या नातवंडांना तो बोटांनी मोजता येईल. आज दिसताहेत ती चार बोटं दर्याची नाहीत. तुमचा खांब खचलाय आणि दोन्ही बाजूंचा बांध बसलाय."

"बांध बसलाय?"

"हो."

म्हातारा ताडकन उठला. "अगं बाई, मंग हे आदी सांगायचा ना! बांध बसला त उचलू. त्यात काय हाय?" आणि मंडपाकडं वळून ओरडला, "आरं ऊठा! भांगाचं पानी उद्यापास्नं उतरनार. आठ दिस हायत हातात. टोपल्या काढा!"

ते कागद कुठं गेले, मी बघितलं नाही. दोन मिनिटांपूर्वी मान खाली घालून बसलेली माणसं कुणाकडं किती फावडी आहेत, चिकणमाती कुठून आणायची, दगड कोण देतो यावर भांडायला लागली होती. तेवढा गोड भांडणाचा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या मधल्या दिवसांत भरती थोडीच चढते, तिला तिथं भांग म्हणतात. तेवढ्या दिवसांत काम उरकायचं होतं. घरटी एक माणूस, आणि नववीचा अख्खा वर्ग. वर्तक सरांनी दुपारची शाळा सोडून दिली आणि चौथ्या दिवशी स्वतःच धोतर खोचून आले. मीही टोपली घेतली. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले, दोनदा सपशेल आडवी झाले. "बाई, काळ्या रानातली माणसं तुमी, खारात कशाला शिरता?" म्हणत बाया हसून हसून लोळल्या. खांबाच्या बुडाशी हिराजींनी दगड ठासले आणि माथ्याच्या नव्या लेवलला कातळावर टाकीची दुसरी खूण खोदली. उघाडीच्या दोन्ही अंगांनी बांध हातभर उचलला. जुना काठ कळावा म्हणून हर्षलानं खांबावर पांढरी खूण केली.

भाद्रपदातली द्वितीया, गणपतीच्या दोन दिवस आधी. वर्षातलं मोठं उधाण. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी एकपासून सगळं गाव बांधावर. पाणी आवाज न करता चढत होतं. नारळी पौर्णिमेची रेघ बुडाली. मग जुन्या काठाची पांढरी खूण बुडाली. त्याच्यावर एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. माझ्या पाठीमागं, चार हात खाली, भाताची हिरवी शेतं. काशिनाथकाका ओल्या मातीवर पालथा हात ठेवून बसले होते.

पावणेदोनला हर्षला म्हणाली, "बाई, थांबलं."

दोन वाजता पाणी बोटभर उतरलं. काशिनाथकाका उठले, मातीचा हात तसाच हर्षलाच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुमी चुकलात ते बरा झाला. नायतर बांध कोन मोजनार होता?" मी रडले. सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता.

त्यानंतर मी एकवीस वर्षं शिकवलं, तीन गावांत. धडा तोच राहिला, पण शिकवायची पद्धत बदलली. आधी मोजायचं, मग दुसऱ्या जागेवरून मोजायचं, आणि मग तोंड उघडायचं. मुलांनी "बाई, तुमचं चुकतंय" म्हटलं की मी खडू त्यांच्या हातात द्यायची. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. हर्षलानं शिकवलं. तिच्या आईनं आणि हिराजींनी शिकवलं. त्यांचं ऋण फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

आता मी मंगळवेढ्यात असते. हर्षलाचं सासर गावातच आहे. अंगणवाडी चालवते, आणि काशिनाथकाका गेल्यावर बांध कमिटी तिच्याकडं आली. दर भाद्रपदात तिचा फोन येतो. गेल्या वर्षीही आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं.

"बाई, एक बोलू? रागवणार नाय ना?"

"बोल."

"कालवं वर चढलीत."

मी खुर्चीत नीट बसले. "नळी लावून बघितलीस?"

"तीनदा लावली. खांब जागेवर हाय. बाबांच्या टाकीच्या दुसऱ्या खुणेला बरोबर. पोरांना पण मोजायला लावलं. आईला नेऊन दाखवलं. कालवांची रेघच वर गेलीय बाई. तीन बोटं."

माझ्या डोळ्यांपुढं तो मंडप आला, माझी ती उंच केलेली बोटं, आणि म्हाताऱ्याची नजर. एवढ्या वर्षांनी दर्या खरोखर आला होता.

"मग?" मी विचारलं. "गाव काय म्हणतंय?"

"काय म्हननार?" हर्षला म्हणाली. तिच्या मागं माणसांची कलकल ऐकू येत होती, कुणीतरी फावड्यावरून भांडत होतं. "भांग लागलाय ना बाई. टोपल्या काढल्यात."